‘की’नंतरचा ‘मी’ कोणाचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रावर बोलायला सांगितलं होतं. पण या क्षेत्रात वीस वर्षं काढल्यावर माझं असं मत झालं आहे, की मराठी शाळेतून आलेल्यांचं कोडिंगमध्ये सहसा काही अडत नाही. अडतं ते इंग्रजी बोलताना, आणि तेही मोठमोठ्या शब्दांपाशी नाही. ‘ही’, ‘वी’, ‘इट’, ‘हू’ अशा इवल्याशा सर्वनामांपाशी अडतं. म्हणून आज थोडं व्याकरणावर बोलणार आहे. घाबरू नका, शेवटी घटक चाचणी नाही!

एक साधं वाक्य घेऊ. ‘रमेश म्हणाला, की मी उद्या येतो.’ उद्या कोण येणार? अर्थात रमेश. आता हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत म्हणू. ‘रमेश सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ ज्याची भाषा इंग्रजी आहे, त्याला विचारा उद्या कोण येणार. तो तुमच्याकडे बोट दाखवेल. कारण इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढे आलेला ‘आय’ हा आत्ता बोलणाऱ्या माणसाचा असतो, रमेशचा नसतो. रमेशला तिथे ‘ही’ व्हावं लागतं. ‘रमेश सेड दॅट ही वुड कम टुमॉरो.’

म्हणजे मराठीत ‘की’च्या पुढे रमेशचं वाक्य जसंच्या तसं येऊन बसतं, त्याच्या ‘मी’सकट. इंग्रजीत मात्र प्रधान वाक्याच्या घरात शिरताना गौण वाक्याला चपला बाहेर काढाव्या लागतात. सर्वनाम बदलतं, काळ बदलतो, कधी शब्दांचा क्रमही बदलतो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आपण दहावीला केलं होतं. ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’! खरंच केलं होतं. बाईंनी आपल्याकडून ते इतकं घोटून घेतलं होतं, की झोपेतही ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ झालं असतं. पण आपण ते गणितातल्या सूत्रासारखं शिकलो. अवतरणचिन्हं काढा, काळ मागे न्या, गुण घ्या. बोलताना मात्र कुठेच अवतरणचिन्हं दिसत नाहीत. तिथे मन मराठीत वाक्य जुळवतं आणि तोंड ते इंग्रजीत म्हणतं. त्यामुळे शंभर वाक्यं बिनचूक बदलणारी मुलंही बोलताना ‘ही सेड दॅट आय एम नॉट फीलिंग वेल’ म्हणून जातात.

यानं काय बिघडतं? कधी काहीच नाही, संदर्भावरून समजतं. पण कधी बिघडतं. आमच्या टीममध्ये तालुक्याच्या गावातून आलेला एक हुशार मुलगा होता. ग्राहकाबरोबरची मीटिंग संपवून त्यानं सगळ्यांना मेल लिहिली, ‘क्लायंट सेड दॅट वी विल डू द टेस्टिंग.’ ग्राहक म्हणाला होता, ‘टेस्टिंग आम्ही करू.’ मुलानं ते प्रामाणिकपणे, ग्राहकाच्या ‘वी’सकट पोहोचवलं. वाचणाऱ्यांनी ‘वी’ म्हणजे आपण असं धरलं. दोन दिवस आमची माणसं तेच काम करत बसली, जे पलीकडे ग्राहकाची माणसं करत होती. दोन दिवसांचं नुकसान भरून निघालं. पण त्या मुलाला चारचौघांत ‘आधी इंग्रजी सुधार’ असं ऐकवलं गेलं आणि त्यानंतर तो मीटिंगमध्ये बोलेनासाच झाला. हे नुकसान मला जास्त मोठं वाटलं.

मी त्याच्याशी बोलले तेव्हा लक्षात आलं, की त्याला शब्द येत होते, काळ येत होते. फक्त ‘दॅट’नंतरचा ‘वी’ कोणाचा, हे त्याला कुणी कधी मराठीशेजारी ठेवून दाखवलं नव्हतं. दाखवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ‘द क्लायंट सेड दॅट देअर टीम वुड डू द टेस्टिंग.’ झालं!

या ‘वी’ची आणखी एक गंमत आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटलं की ऐकणारा समजतो, आपल्याला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो उठतो. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘वी’. म्हणून जिथे घोटाळा होऊ शकतो, तिथे इंग्रजीत सर्वनामाचा हट्ट सोडून सरळ नाव घ्यावं. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

आपल्या भाषेत काही कमी आहे असं मात्र समजू नका. ‘राहुल टोल्ड सुनील दॅट ही हॅड पास्ड.’ सांगा बघू, पास कोण झालं? इंग्रजीत नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही, ‘ही’ दोघांपैकी कोणीही असू शकतो. मराठीत ‘राहुलने सुनीलला सांगितलं, की मी पास झालो’ किंवा ‘तू पास झालास’. शंकेला जागाच नाही. आपली क्रियापदं तर याहून पुढे जातात. मी जर म्हटलं, ‘सर म्हणाले, की मी उशिरा आलो’, तर उशीर सरांना झाला. ‘सर म्हणाले, की मी उशिरा आले’ म्हटलं, तर उशीर मला झाला. एका शेवटच्या स्वरानं निकाल लागतो. इंग्रजी क्रियापदात ही सोय नाही, म्हणून सगळा भार बिचाऱ्या सर्वनामावर पडतो.

दुसरी जागा प्रश्नाची. ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न मराठीत मोठ्या वाक्यात तसाच्या तसा बसतो. ‘तो कुठे आहे, ते तुला माहीत आहे का?’ त्यामुळे आपण सहज म्हणतो, ‘डू यू नो व्हेअर इज ही?’ इंग्रजीत ‘व्हेअर इज ही’ हा क्रम फक्त थेट प्रश्नाचा आहे. तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की सर्वनाम पुढे येतं आणि क्रियापद मागे जातं. ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ तसंच ‘टेल मी व्हॉट शी वॉन्ट्स’. तिथे ‘व्हॉट डज शी वॉन्ट’ चालत नाही.

तिसरी जागा आपल्या लाडक्या ‘जो-तो’ची. ‘मी काल जो शर्ट घेतला, तो लहान होतोय.’ मराठीत दोन शब्दांनी काम वाटून घेतलं आहे. ‘जो’ ओळख सांगतो आणि ‘तो’ त्याच्याकडे बोट दाखवतो. ही सवय इंग्रजीत नेली, की ‘विच शर्ट आय बॉट, दॅट इज स्मॉल’ असं वाक्य तयार होतं. नाहीतर ‘द शर्ट विच आय बॉट इट’. इंग्रजीत ‘विच’ एकटाच जोडण्याचंही काम करतो आणि शर्टाच्या जागी उभं राहण्याचंही. मग ‘इट’ला तिथे कामच उरत नाही. रोजच्या बोलण्यात तर ‘विच’ही गाळतात, ‘द शर्ट आय बॉट इज टू स्मॉल’. पण हे गाळणं सगळीकडे चालत नाही. ‘द मॅन हू केम यस्टरडे इज माय अंकल’ यात ‘हू’ काढला, तर ‘केम’ला कर्ताच राहत नाही. सोपी खूण अशी, की ‘हू’ किंवा ‘विच’च्या लगेच पुढे ‘आय’, ‘ही’, ‘शी’ असा दुसरा कर्ता असेल, तर तो शब्द गाळता येतो. लगेच क्रियापद असेल, तर ठेवावा लागतो.

बस, व्याकरण संपलं. आता मनातलं बोलते.

आपण पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली पिढी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आपण पुढे निघून गेलो होतो. आपल्यातले काही जण आजही मुलांच्या पालकसभेत तोंड उघडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. घरी इंग्रजी माध्यमातलं लेकरू ‘बाबा, व्हेअर इज ही नाही, व्हेअर ही इज’ म्हणून हसतं आणि बाबा गप्प होतात. अशा बाबांना मला एवढंच सांगायचं आहे, की तुमची चूक अडाणीपणाची नाही. ती एका शिस्तशीर भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत नेल्यामुळे झालेली आहे. नियमातून आलेली चूक नियम कळला, की सुधारते. पुढच्या वेळी लेकराला हसू द्या, आणि मग विचारा, ‘राहुल टोल्ड सुनील’मध्ये पास कोण झालं?

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे. मराठी शाळेतल्या मुलाजवळ मराठी पक्की असते, तिच्याच आधारानं त्याला इंग्रजी शिकवता येईल. मुख्याध्यापक बाईंना माझी विनंती आहे, की दहावीच्या मुलांसाठी महिन्यातला एक शनिवार आम्हा माजी विद्यार्थ्यांना द्यावा. आम्ही आळीपाळीनं येऊ, मुलांना मराठीतून वाक्यं सांगू आणि इंग्रजीतून बोलतं करू.

आणि बाई, तुम्ही घोटून घेतलेलं ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ वाया गेलं नाही. नियम तुम्ही आमच्या हातात दिलाच होता. तो बोलण्यात उतरवायला आम्हाला जरा वेळ लागला, एवढंच.