जस्ताची गोष्ट

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर कला शाखेच्या पदवीधराला, त्यातही एका पत्रकाराला उभे करण्याचे धाडस आयोजकांनी केले आहे. रसायनशास्त्राची समीकरणे मांडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मूलद्रव्यांनाही इतिहास असतो आणि तो सांगण्याचा प्रयत्न मला निश्चित करता येईल. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी सोन्याने साम्राज्ये उभी केली, लोखंडाने युद्धे जिंकली, हे आपण शाळेतच शिकतो. मी आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, ते तिसाव्या क्रमांकाचे मूलद्रव्य त्या मानाने उपेक्षित आहे. ते म्हणजे जस्त.

आपल्या देवघरातील समई पितळेची असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. घरावरील पत्रा, पाण्याची जुनी बादली, गॅलरीतील नळ गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्ताचा लेप असतो. सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि आज जगातील सुमारे निम्मे जस्त याच कामी खर्च होते. लेपाला चरा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण हा धातू मुळात मानवाच्या हाती लागला कसा?

धुरात हरवणारा धातू

तांब्याचे किंवा लोखंडाचे खनिज कोळशाबरोबर तापवले की धातू भट्टीच्या तळाशी मिळतो. जस्ताचे तसे नाही. खनिजातून ते मोकळे होण्यासाठी सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमान लागते. आणि जस्ताचा उत्कलनबिंदू आहे ९०७ अंश. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफेच्या रूपात. त्या वाफेला हवा लागली की पांढरा धूर होतो आणि हाती केवळ भस्म उरते. म्हणूनच अनेक प्राचीन संस्कृतींनी तांब्याबरोबर जस्ताचे खनिज तापवून पितळ केले, परंतु शुद्ध जस्त त्यांना दिसलेही नाही.

हे कोडे मोठ्या प्रमाणावर सोडवले गेले ते मेवाडमध्ये. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर अरवलीच्या डोंगरांत झावर नावाचे गाव आहे. तेथील खाणकाम दोन हजार वर्षांहून जुने आहे. जस्ताचा मोठा उद्योग मात्र बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान उभा राहिला. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांच्या अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा शेजारी शेजारी रचलेल्या सात भट्ट्या मिळाल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, मातीच्या, लांबट वांग्याच्या आकाराच्या. त्यांत भाजलेले खनिज आणि कोळसा यांच्या गोळ्या भरत, तोंडाला मातीची नळी जोडत आणि मूस चक्क उलटी ठेवत. उलटी केल्यावर आतला माल सांडू नये म्हणून तोंडात एक काडी बसवलेली असे. उष्णतेने ती काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला बाहेर पडण्याची वाट तयार होई. वर आग, खाली थंड कप्पा. वाफ नळीतून खाली उतरे, तिचा द्रव होई आणि भांड्यात थेंब थेंब जस्त साचे.

त्या काडीचा विचार ज्याला प्रथम सुचला, त्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. निकामी झालेल्या मुशी रचून झावरच्या लोकांनी घरांच्या भिंती बांधल्या; त्या भिंती हेच त्या कारागिरांचे स्मारक. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने, ‘एएसएम इंटरनॅशनल’ने, १९८८ मध्ये झावरचा जागतिक ऐतिहासिक स्थळ म्हणून गौरव केला.

पोथी आणि भट्टी

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसग्रंथात जस्ताचे सत्त्व काढण्यासाठी वांग्याच्या आकाराची, नळी जोडलेली मूस सांगितली आहे. मुशीतून निघणारी ज्वाळा निळीची पांढरी झाली म्हणजे मूस उचलावी, अशी खूणही दिली आहे. निळी ज्वाळा कार्बन मोनॉक्साइडची, पांढरी जस्ताच्या वाफेची, हे आजचे रसायनशास्त्र सांगते. ग्रंथात वर्णिलेला आकार आणि झावरच्या मातीतून निघालेला आकार यांतील साम्य सहज ध्यानात येते. याचा अर्थ, एके काळी आपल्याकडे पोथी लिहिणारा भट्टीजवळ उभा राहत होता.

मग हे सारे गेले कोठे? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढण्याचे पेटंट घेतले. त्याचीही पद्धत वाफ खाली उतरवण्याचीच. ती त्याने भारतातून उचलली, असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे. पण अनुमान हे अनुमान म्हणूनच सांगावे. पुराव्यावाचून ‘चोरी’ म्हणण्याने आपला अभिमान वाढत नाही, उलट खऱ्या पराक्रमाविषयीही लोक शंका घेऊ लागतात. चॅम्पियनकडे पेटंट होते, भांडवल होते आणि बाजारपेठ होती. झावरकडे पिढीजात हात होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील भट्ट्या विझल्या. दुष्काळ आणि राजकीय अस्थैर्य ही कारणे त्यामागे सांगितली जातात. त्या अस्थैर्यात मेवाडमध्ये खंडण्या वसूल करणाऱ्या मराठी फौजांचाही वाटा होता, हे आपल्याला कितीही अप्रिय असले तरी लपवून ठेवण्याचे कारण नाही.

पण केवळ दुष्काळाने विद्या मरत नाही. दुष्काळ सरला की ती पुन्हा उभी राहते. अट एवढीच की ती कोठेतरी नोंदलेली आणि अनेकांना शिकवलेली असावी. ‘हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’ या ग्रंथातून आपल्या रसायनपरंपरेची जगाला ओळख करून देणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी याच दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. हातांनी करावयाची कामे जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या वर्गांकडे ढकलली, बुद्धिजीवी वर्ग त्यांपासून दूर झाला आणि ‘असे का होते’ हा प्रश्न विचारणेच थांबले, असे त्यांचे निदान आहे. प्राचीन रसविद्येचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आचार्यांनी हे लिहावे, यातच त्याचे गांभीर्य आहे. ज्याचा हात भट्टीत, त्याला अक्षर नाही आणि ज्याच्याकडे अक्षर, त्याला भट्टीचा विटाळ! अशा समाजाची विद्या एका दुष्काळात विझली तर नवल ते काय?

जस्त पुन्हा भेटते

ही दरी बुजली तर काय घडते, याचीही दोन उदाहरणे जस्तानेच दिली आहेत.

बिहारमधील बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे काम करीत होते. त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसत होता दहा वर्षांच्या मुलासारखा. आहार जवळजवळ केवळ न आंबवलेल्या रोटीचा, शिवाय माती खाण्याची सवय. ही जस्ताची उणीव असावी, असा तर्क डॉ. प्रसाद यांनी मांडला. पुढे इजिप्तमध्ये तो सिद्ध झाला. जस्त दिल्यावर अशा रुग्णांची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू झाली. प्रौढ माणसाच्या शरीरात अवघे दोन-तीन ग्रॅम जस्त असते, पण त्यावाचून शेकडो विकरांचे काम अडते. धान्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते. मोड आणल्याने आणि आंबवल्याने ते कमी होते. आपल्या घरांतील मोडाची उसळ आणि आंबवलेले पीठ यांमागचे हे शास्त्र आता मोजून सिद्ध झाले आहे.

दुसरे उदाहरण डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांचे. तराई प्रदेशात भाताची पाने गंजल्यासारखी तांबूस होऊन पीक बसत असे. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत. हा जंतूंचा रोग नसून जमिनीतील जस्ताची उणीव आहे, हे डॉ. नेने यांनी पंतनगरच्या कृषी विद्यापीठात १९६६ मध्ये दाखवून दिले आणि जस्त सल्फेट व चुन्याच्या फवारणीने पीक सावरले. याच शास्त्रज्ञाने पुढे ‘एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशन’ स्थापन करून ‘वृक्षायुर्वेदा’सारखे जुने कृषिग्रंथ अनुवादासह प्रसिद्ध केले. बांधावरचा शेतकरी, प्रयोगशाळा आणि पोथी, तिन्ही एका माणसाच्या ठायी पुन्हा एकत्र आली.

बंधू-भगिनींनो, अतिसार झालेल्या बालकाला क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. अतिशय स्वस्त औषध आहे हे. सेवावस्त्यांत जाणाऱ्या आपल्या किती कार्यकर्त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे? झावरचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला वस्तीतील आईपर्यंत ही माहिती पोहोचवता येत नसेल, तर तो अभिमान कशाच्या उपयोगाचा?

आणखी एक काम आपल्या हातचे आहे. पुण्याच्या तांबट आळीत आणि गावोगावच्या कासारांकडे, लोहारांकडे, कुंभारांकडे असे ज्ञान आजही हातांत आहे. सुट्टीत शाळकरी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांचे शब्द, त्यांची मापे, त्यांच्या खुणा लिहून घ्या. आणि लिहिताना त्या कारागिराचे नाव वर लिहा. झावरच्या त्या काडीखाली कोणाचे नाव नाही. निदान आपल्या पिढीत तरी तसे होऊ नये, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.