आम्हाला अजून कुणी विचारलेलंच नाही

(निपाणीत तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना घातलंय, बाकी आहे तसंच ठेवलंय.)



मी राज्यशास्त्र शिकते. वर्गात स्कॉटलंडचा विषय निघाला की मागच्या बाकावरनं कुणीतरी ठरल्यासारखं म्हणतंय, "ही बघा आमची स्कॉटलंडवाली." सीमाभागातली म्हणजे फुटून निघणारी, असा त्याचा हिशेब. मी पण हसते. पण हाच 'फुटीर' शब्द टीव्हीवरच्या चर्चेत आणि पुढाऱ्यांच्या भाषणात आपल्यासाठी गंभीरपणे वापरला जातो, तेव्हा त्याचं उत्तर आपल्याला नीट देता यायला पाहिजे. घोषणा सगळ्यांना पाठ आहेत. मुद्दे किती जणांना पाठ आहेत?

स्कॉटलंडचं काय होतं ते आधी सांगते. 1707 साली इंग्लंडशी एकत्र आलेला तो देश. त्यातल्या बऱ्याच लोकांना आता वेगळा देश पाहिजे होता. लंडनच्या सरकारनं 2012 मध्ये त्यांच्याशी लेखी करार केला, आणि 18 सप्टेंबर 2014 ला एकच सरळ प्रश्न विचारला : स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? 16 वर्षांच्या पोरापोरींनाही मत दिलं. जवळजवळ 85 टक्के लोक मतदानाला गेले. 55 टक्क्यांनी 'नको' म्हटलं, 45 टक्क्यांनी 'पाहिजे'. हरलेल्यांना राग आला असणारच, पण तुम्हाला विचारलंच नाही असं त्यांना म्हणता येत नाही.

आपली मागणी याच्या पासंगालाही पुरत नाही एवढी लहान आहे. आपल्याला वेगळा देश नको. झेंडा तोच, पासपोर्ट तोच, घटना तीच. दोन राज्यांमधली रेघ थोडी सरकवा, एवढंच म्हणणं. आणि ती रेघ कशी सरकवायची हे घटनेच्या कलम 3 मध्येच लिहिलंय. संसदेनं साधा कायदा केला तरी होतं. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं असतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. 2000 साली तीन नवी राज्यं झाली, 2014 ला तेलंगणा झालं. तिथल्या लोकांना आज कुणी फुटीर म्हणत नाही.

म्हणजे जे इंग्रजांनी देश मोडण्याच्या प्रश्नावर केलं, ते आपल्याकडं एका तालुक्याच्या प्रश्नावर सुद्धा झालं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातनं काढून आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं. त्याआधी, 17 जानेवारीला, बेळगावात गोळीबार होऊन माणसं गेली होती. नंतर साराबंदी झाली, 1986 ला कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन झालं, त्यातही गोळ्या चालल्या. पण कुठं राहायचं हे मतपेटी ठेवून कुणी विचारलं? एकदाही नाही.

"भारतात असं विचारत नसतात," असं मला एकदा वादात ऐकवलं गेलं. विचारतात की! चोर्ला घाट उतरून खाली जावा, गोव्यात विचारलंय. 16 जानेवारी 1967. संसदेनं खास कायदा करून गोव्यात जनमत कौल घेतला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित राहायचं? केंद्रशासित राहण्याला 1,72,191 मतं पडली, विलीनीकरणाला 1,38,170. आपली बाजू हरली. 34,021 मतांनी हरली, आणि विषय संपला. गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून आज कुणी रस्त्यावर उतरतं का? आपल्यातलेच लोक तिथं हरले आणि त्यांनी ते मान्य केलं. मराठी माणसाला हरता येत नाही असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, नीट ऐका. कौलाला दोनच महिने झाले आणि मार्च 1967 मध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. कोण जिंकलं? दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. म्हणजे विलीनीकरण मागणाराच पक्ष! तेच मतदार. जानेवारीत विलीनीकरण नको म्हणाले, आणि मार्चमध्ये त्याच पक्षाच्या हातात सरकार दिलं.

हे का सांगतेय? कारण आपल्याला हल्ली एकच टोमणा ऐकवतात. 2018 ला समितीचा एक आमदार निवडून आला नाही, 2023 ला पण नाही, म्हणजे लोकांनी उत्तर दिलंय, आता गप्प बसा. समिती का हरली याची कारणं मला विचाराल तर भरपूर सांगेन. आपापसातली भांडणं, एका मतदारसंघात दोन-दोन उमेदवार, आणि तरुणांना फक्त मिरवणुकीपुरतं बोलवायचं. राग येतो मला पण. पण आमदार निवडताना माणूस गटार, रस्ता, जात, पक्ष, ओळख सगळं बघतो. राज्य कुठलं पाहिजे हा प्रश्न त्या यंत्रावर नसतोच. गोव्यात तो वेगळा विचारला म्हणून वेगळं उत्तर आलं.

आता निपाणीकरांनो, तुमच्याबद्दल. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 च्या ऑक्टोबरात केंद्रानं महाजन आयोग नेमला. निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन आले, निवेदनं घेतली, हजारो लोकांना भेटले, आणि 1967 च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. म्हणजे ज्या वर्षी घाटाखाली लाखो लोकांना विचारलं, त्याच वर्षी घाटावर एका न्यायाधीशानं ठरवलं. त्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती. बेळगाव शहर मात्र कर्नाटकात ठेवलं होतं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक म्हणतं अहवाल शेवटचा, घ्यायचा तर आख्खा घ्या. आणि निपाणी आहे तिथंच आहे. मी बेळगावची. बेळगावशिवाय तोडगा नको असं मलाही वाटतं. पण निपाणीनं आमच्यासाठी थांबावं का, हे निपाणीला कुणी विचारलं होतं? ना बेंगळुरूनं, ना दिल्लीनं. मुंबईनं पण नाही, हे बोलायला पाहिजे.

विचारायचं कसं, याचंही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न नावाचा मोठा प्रांत, बहुतेक जर्मन बोलणारा. त्यात ज्युरा हा फ्रेंच बोलणारा भाग. आपल्याचसारखी गोष्ट, देश सोडायचा नाही, प्रांत बदलायचा. 1974 ला पूर्ण भागाला विचारलं. मग 1975 ला जिल्ह्यांना पुन्हा विचारलं, आणि शेवटी नव्या हद्दीवरच्या गावांना एकेक करून. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहायचं ठरवलं, तर ते राहिले. बाकीच्यांचा 1979 ला नवा प्रांत झाला. त्यात मुतिए नावाचं साधारण सात हजार वस्तीचं गाव मागं राहिलं होतं. त्या गावात परत परत मतदान झालं, एकदा तर निकाल रद्द पण झाला. 2021 ला पुन्हा मत घेतलं, आणि 1 जानेवारी 2026 ला ते गाव ज्युरात गेलं. सात हजारांचं गाव! आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढं.

'खेडे हा घटक' म्हणून आपण जे मागतो ते हेच. आणि त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही. आंध्र आणि मद्रासची हद्द पाटसकरांनी खेडं धरूनच ठरवली, 1960 ला ती अमलात पण आली.

दोन अवघड गोष्टी आहेत, त्या टाळून पुढं जाता येणार नाही. पहिली, जत आणि अक्कलकोट. आपण गावागावाला विचारा म्हणतो, तर तिथल्या कन्नड गावांनाही विचारायला पाहिजे. 2022 ला बोम्मईंनी जतचा विषय काढला तेव्हा आपली पोरं मोबाईलवर शिव्या देत होती. शिव्या कशाला? उमदीच्या माणसाला जो हक्क नाही, तो येळ्ळूरच्या माणसाला कुठल्या तोंडानं मागायचा? दुसरी गोष्ट, आज विचारलं तर काही ठिकाणी आपण हरू. सत्तर वर्षांत वस्ती बदललीय, शाळा बदलल्यात. काही मराठी घरांनाच आता फरक पडत नाही. हरलो तर गोव्यातल्यासारखं मान्य करावं लागेल. ही तयारी असेल तरच मागणी करा, असं माझं मत.

पण फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढं विचारते. मागच्या वर्षी आमच्या घरी जमिनीसंबंधी एक नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. आज्जीनं ती आठ दिवस देव्हाऱ्यापाशी ठेवली, कारण वाचायला कुणी नव्हतं आणि शेजाऱ्याला दाखवायची तिला लाज वाटली. मुदत त्यातच गेली. मला कन्नड वाचता येतं, मी हॉस्टेलवर होते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत 350अ आहे, 350ब आहे, केंद्राचा आयुक्त आहे. देव्हाऱ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. तो आणि मी साधारण एकाच वयाचे. माझी पदवी होत आली, तो अजून प्रलंबित आहे. निकाल कधी लागेल यावर मी काही बोलणार नाही. तोवर आपण काय करायचं? कलम 3 आणि गोव्याचा 1966 चा कौलाचा कायदा, दोन्ही वाचा. फार लांबलचक नाहीत. आपापल्या गावात मराठी शाळेत आज किती पोरं आहेत आणि दहा वर्षांपूर्वी किती होती, एवढं हजेरीपटावरनं उतरवून आणा. पुढच्या बैठकीत गाववार यादी करू, वीस गावं झाली तरी सुरुवात होईल.

आता चहा येईपर्यंत प्रश्न विचारा. कन्नडमधून विचारलंत तरी चालेल, उत्तर देते.