माडीचा जिना आणि चालती खुर्ची

देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनास जाणाऱ्या वृद्धांसाठी आता रोप-वेची सोय आहे. त्याच वृद्धांच्या घरातील पंधरा-वीस पायऱ्या मात्र पूर्वीइतक्याच अवघड आहेत. पवारांच्या राजवटीत धार आणि देवास येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे जे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांतील जिना बहुधा लाकडी, अरुंद आणि उभ्या चढाचा असतो. गुडघे निकामी झाले की माडीवरची आजी माडीवरच राहते. तिचे ताट वर जाते, पण ओसरीवरच्या गप्पा वर जात नाहीत. सणावाराला दोन नातू तिला खुर्चीसकट उचलून खाली आणतात. ह्यात प्रेम असले तरी तिघांच्याही जिवाला धोका असतो.

ह्या अडचणीवर स्टेअरलिफ्ट, म्हणजे जिन्यावरून रुळाने सरकणारी खुर्ची, हा एक उपाय आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० नंतरच्या दशकात अशी खुर्ची तयार केली. तिचा वेग बेताचाच असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो सेकंदाला १५ सेंटिमीटरहून अधिक नसावा. चार मीटरच्या चढाला त्यामुळे सुमारे अर्धा मिनिट लागतो.

खुर्ची पसंत करण्यापूर्वी जिना पाहावा. रूळ सामान्यतः भिंतीवर नव्हे, तर पायऱ्यांवर बसवतात. सर्व भार पायऱ्यांवर येतो. म्हणून जुन्या जिन्याच्या फळ्या सुताराकडून तपासून घ्याव्यात आणि वाळवी लागलेल्या फळ्या आधी बदलाव्यात. मनुष्य खुर्चीत बहुधा जिन्याला आडवा बसतो. अरुंद जिन्यात त्याचे गुडघे समोरच्या भिंतीला घासतात, आणि वरच्या झडपेची चौकट ठेंगणी असली तर डोके आपटते. तेव्हा पायऱ्यांच्या रुंदीबरोबर बसलेल्या माणसाच्या पाठीपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर आणि संपूर्ण चढावर डोक्यावर उरणारी जागाही मोजावी. शेजारून इतरांना चढता-उतरता आले पाहिजे, हेही विसरू नये. विक्रेता मोजमाप घेण्यास आनंदाने येतो. ‘येथे खुर्ची बसणार नाही’ असे सांगण्याचा आनंद त्याला तितका होत नाही.

सरळ जिन्याचा रूळ स्वस्त पडतो. वळणाच्या जिन्याचा रूळ त्याच वळणासाठी घडवावा लागतो, आणि घर बदलल्यास तो दुसरीकडे क्वचितच कामी येतो. रुळाचे खालचे टोक दारात येत असेल, तर ते दुमडणारे घ्यावे.

बसणाऱ्याची परीक्षाही तितकीच आवश्यक आहे. त्याला स्वतः उठता-बसता, सरळ बसून राहता आणि बटण दाबून धरता आले पाहिजे. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यास वर एक आणि खाली एक अशा दोन खुर्च्या लागतात. स्मृतिभ्रंश झालेल्यास एकट्याने बसू देऊ नये.

सर्वांत धोक्याची जागा वरची शेवटची पायरी होय. तेथे खुर्ची माडीच्या सपाट जागेकडे पूर्ण वळवून जागेवर अडकेपर्यंत पट्टा सोडू नये. जिन्याकडे तोंड करून उतरणारा मनुष्य थेट खाली जाईल. नऊवारीचा काठ, धोतराचा सोगा आणि शाल आवरून घ्यावी. पायटेकणीखाली वस्तू आल्यास यंत्र थांबावे अशी योजना असते. ती दर आठवड्यास रिकाम्या खुर्चीखाली उशी ठेवून पाहावी, हात घालून नव्हे.

बॅटरीवर चालणारी खुर्ची घेतल्यास वीज गेली तरी मनुष्य मध्येच लटकत नाही. परंतु ती बॅटरी सहसा रुळाच्या ठराविक ठिकाणीच भारित होते. खुर्ची जिन्याच्या मध्यावर सोडून दिली, तर वाट अडते आणि बॅटरीही उतरते. विजेची जोडणी जाणत्या तंत्रज्ञाकडून करावी आणि भूसंपर्क तपासून घ्यावा. दुरुस्तीस माणूस इंदूरहून येणार की मुंबईहून, आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

जिना फारच अरुंद असेल, तर हट्ट सोडून आजीचा पलंग माजघराशेजारी आणावा, न्हाणीघरात धरण्यास दांडा बसवावा आणि उंबऱ्याला लहानसा उतार करावा. खुर्ची बसवलीच, तर किल्ली काढून ठेवण्याची खुंटी उंच असावी. सुट्टीत आलेल्या नातवंडांना ती खुर्ची पाळण्यासारखीच वाटते.