छत गळतंय, डिपॉझिट कुणाचं कापायचं?

मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. नोकरीमुळे पाच भाड्याची घरं झाली, म्हणून हे कागद वाचावे लागले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मधलं कलम १४ सांगतं, की करारात उलट काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी तो हलला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. भाडंच बंद करा, असं कायदा म्हणत नाही.

पण इथे बसलेल्या बहुतेकांचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असणार. त्यात आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो, आणि कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. म्हणजे आपली भिस्त करारावरच. छापील मसुद्यात ‘आतली दुरुस्ती लायसन्सीने करावी’ असं असतं. सही करण्याआधी त्यात एक ओळ घाला: छत, बाहेरची भिंत आणि भिंतीतले पाइप यांतून येणारं पाणी मालकाने थांबवायचं. करार नोंदवून घ्या. कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाचीच आहे.

टेरेसचं पाणी असेल तर काम सोसायटीचं, वरच्या बाथरूमचं असेल तर वरच्या सदस्याचं. मात्र सोसायटीला पत्र मालकाकडून जाऊ द्या, सदस्य तो आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. नाव ऐकून चार ठिकाणी नकार मिळाला, की पाचव्या घरात भिंत काळी पडली तरी माणूस गप्प राहतो. घर जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून भांडू नका, नोंद ठेवा. बग नोंदवताना आम्ही तारीख आणि स्क्रीनशॉट जोडतो, तसंच: “काका, आज बेडरूमच्या छतातून पाणी येतंय, फोटो पाठवलाय, कधी बघायला येता?” एवढंच.

मागचं घर सोडताना मालक ओल्या भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायला निघाले होते. मी पावसाळ्यातले तीन मेसेज दाखवले. पूर्ण रक्कम परत मिळाली.

ज्यांनी करार आणलाय त्यांनी तो काढा, दुरुस्तीची ओळ आत्ताच शोधू.