इंजिनाचा पिवळा दिवा आणि तीन तारा

कार्ब्युरेटरच्या जमान्यात गाडीचा आजार हाताला कळे. स्क्रू जरा आवळला, जरा सैल केला, की झालं! 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत पेट्रोल किती फवारायचे हे छोटासा संगणक ठरवू लागला. पण मूठ किती पिळली आहे, हे त्याला कोण सांगणार? थ्रॉटलच्या दांड्यावर बसवलेला सेन्सर.

घणसोली गावातून पहाटपाळीला रबाळे-महाप्याकडे निघालेला एखादा कामगार घ्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकच्या पुढे जाताना ऐन वेळी गाडी झटका देते. जिवावरच बेतायचे! पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर पी-0122 उमटते, आणि गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेला, बदला." काही गाड्यांत तो सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. म्हणून पैसे काढण्यापूर्वी जरा थांबा.

पी-0122 म्हणजे सेन्सर खराब, असे नव्हे. संगणकाकडे येणारा दाब फार कमी आहे, एवढेच तो आकडा सांगतो. पी-0123 म्हणजे फार जास्त. सेन्सरला तारा असतात तीन: एकीतून 5 व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरी निरोपाची. पाच व्होल्टची तार तुटली तर निरोप शून्यावर येतो. अर्थिंग सुटले तर तो पाचाकडे चढतो. दोन्ही वेळा सेन्सर बिचारा धडधाकट!

तेव्हा मल्टिमीटर घ्या. चावी चालू, इंजिन बंद. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने टोक लावा. तारेचे आवरण मात्र भोसकू नका, तिथूनच पुढे पाणी शिरते. आधी पाच व्होल्ट आणि अर्थिंग तपासा, मग निरोपाची तार. मूठ सोडलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेचारच्या आसपास. नेमके आकडे गाडीच्या पुस्तकात पाहावेत. मूठ अगदी सावकाश पिळा. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच गचकला, तर आतली पट्टी झिजली समजा. ती झिजते बहुधा सुरुवातीच्या भागात, कारण रोजची गाडी तेवढ्याच मुठीवर चालते. इथे जुना काट्याचा मीटर बरा, बरं का! आकड्यांचा मीटर क्षणाची उडी गिळून टाकतो.

सेन्सरच्या आतली पट्टी घासती नसेल, चुंबकावर चालणारी असेल, तर झिजेचा प्रश्न येत नाही, तारांचा येतोच.

आणि घणसोलीला तर खाडी जवळ. खारी हवा, वर चार महिने पाऊस. कनेक्टर उघडून पाहा. पिनांवर हिरवट बुरशीसारखे काही दिसले, तर ते तांब्याचे गंजणे. ते साफ करा, पिना घट्ट बसवा, मीटर लावून तारा हलवून बघा. मग जुना कोड पुसून गाडी फिरवा. तोच आकडा परत आला, तर सेन्सर बदलायचे बोलू.