लहान गांव, लहान महाविद्यालय
(नभोवाणीवरील भाषण)

देवळाली म्हटलें कीं आपणांपैकीं बहुतेकांना नाशिकजवळची छावणी आठवेल. मला बोलावयाचें आहे तें देवळाली प्रवरेविषयीं. नगर जिल्ह्याच्या, 2024 पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या, राहुरी तालुक्यांतील हें गांव. 1926 मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचें पाणी कालव्यांनीं खालच्या मुलखांत खेळूं लागलें, आणि या कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. उंसामागून साखर कारखाने आले, कारखान्यांच्या मागोमाग पंचक्रोशींत महाविद्यालयें आलीं. येथील घरोघरीं मे-जून महिन्यांत एक प्रश्न हटकून निघतो: बारावी झालेल्या मुलीला कलाशाखेंत घालावयाचें, तर तें जवळच्या श्रीरामपुरास, जिल्ह्याच्या ठिकाणीं नगरास, कीं थेट पुण्यास?

उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें. पैसा पुरत असेल तर पुणें, न पुरला तर श्रीरामपूर. निवड होते ती खिशाची, महाविद्यालयाची नव्हे. पुण्याचें फर्ग्युसन 1885 पासून उभें आहे, त्याच्या नांवाला वजन आहे, व तें वजन खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु 1949 मध्यें पुणें विद्यापीठ स्थापन झाल्यावर कित्येक वर्षें फर्ग्युसनचा विद्यार्थी आणि आमच्या तालुक्याच्या गांवचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेस बसत, आणि दोघांच्या हातीं पडणारें पदवीपत्रही एकच असे. पुण्यांतील कांहीं जुन्या महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली ती अलीकडे. मग नांवांतला एवढा फरक कशाचा? कांहीं सहवासाचा, कांहीं ग्रंथालयाचा, कांहीं शहरांतल्या व्याख्यानांचा आणि नाटकांचा. हें सारें खरें. पण बराचसा फरक असा कीं, मोठ्या नांवाच्या महाविद्यालयाकडे अधिक गुणांचीं मुलें आपण होऊन जातात. निवडक बियाणें पेरावें आणि पीक आल्यावर सारें श्रेय जमिनीला द्यावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

‘लहान महाविद्यालय’ हे शब्द आपण थोड्या कमीपणानें उच्चारतों. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि शास्त्रें यांचें एकत्र शिक्षण देणारीं कांहीं महाविद्यालयें मुद्दाम लहान ठेवलेलीं आहेत. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स हें त्यांपैकीं एक. 1793 सालीं तें स्थापन झालें; विद्यार्थी आजही सुमारें दोन हजार; आणि ज्या गांवीं तें आहे तें लोकवस्तीनें देवळाली प्रवरेहूनही लहान. आमच्या जिल्ह्याशीं त्याचा एक दूरचा धागा आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाहीं. 1813 मध्यें मुंबईस उतरलेला गॉर्डन हॉल हा मिशनरी याच विल्यम्सचा पदवीधर. आणि ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या उभारणींत त्याचा हात होता, त्याचें ठाणें 1831 मध्यें नगरास पडलें.

प्रचंड विद्यापीठें सोडून हुशार मुलें अशा आडगांवीं कां जातात? तर वर्गांत विद्यार्थी थोडे असतात, शिकवावयास स्वतः प्राध्यापक उभा असतो, लिहून दिलेला निबंध वाचून परत येतो, आणि इतिहासाबरोबर गणित घेणाऱ्याकडे कोणी वेड्यासारखें पाहत नाहीं. शुल्क भरमसाट असतें हें खरें. मात्र गरजू विद्यार्थ्याला संस्थेच्या ठेवींतून साहाय्यही मिळतें. पुण्याजवळ 2015 मध्यें झालेल्या फ्लेम विद्यापीठांत या धर्तीचें शिक्षण मिळतें. पण तेथील वर्षाचें शुल्क लाखांच्या घरांत. ऊस-कांद्याच्या भावावर ज्याचें घर चालतें त्याला तें दुरूनच पाहावें लागतें.

आपल्याकडील लहान महाविद्यालय हें विद्यार्थिसंख्येनें लहान नसतेंच. कनिष्ठ महाविद्यालय धरलें तर कित्येक ठिकाणीं पटावर हजारोंनीं मुलें असतात. लहान असते ती त्याची कीर्ति.

आणि ती आरंभापासून लहान होती असेंही नाहीं. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं 1947 मध्यें नगरास महाविद्यालय काढलें, तेव्हां पुणें विद्यापीठाचा जन्मही झालेला नव्हता. त्याच वर्षीं कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेनें साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय सुरू केलें. तेथें ‘कमवा आणि शिका’ या योजनेनें अंगमेहनत करून मुलें पदवीधर झालीं. याच संस्थेचें श्रीरामपूरचें बोरावके महाविद्यालय 1960 चें. ज्यांच्या घराण्यांत कोणी शाळेची पायरी चढलें नव्हतें, त्यांच्यासाठीं हींच मोठीं महाविद्यालयें होतीं. पुढें 1983 पासून विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक मिळाली, आणि ज्याला दुसरीकडे कोठें जागा मिळाली नाहीं त्यानें कलाशाखेस जावें असा समज रूढ झाला. हल्लीं कलाशाखेचें जें आकर्षण दिसतें त्यांतलें पुष्कळसें स्पर्धा परीक्षांमुळें आहे: पदवी पदरांत पडते आणि अभ्यासिकेंत बसावयास वेळ उरतो. या हिशेबाला मी नांवें ठेवणार नाहीं. पण ज्या महाविद्यालयाची थोरवी तेथें फारसें जावें लागत नाहीं एवढीच असेल, त्याची कीर्ति वाढावी कशी?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शाखाशाखांमधील भिंती पाडण्याचें ठरविलें. त्यांत चौसष्ट कलांचाही उल्लेख आहे. कागदावर हें सारें गोड आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीनें संगीत किंवा वनस्पतिशास्त्र घ्यावें. पण शिकविणार कोण? मंजूर जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात आणि त्यांवर तासिका तत्त्वावर माणसें नेमलीं जातात. तासाप्रमाणें मोबदला घेणारा शिक्षक कितीही व्यासंगी असो, तास संपतांच दुसऱ्या गांवच्या वर्गासाठीं त्याला बस गांठावयाची असते. मुलीची शंका वर्गाबाहेर ऐकून घ्यावयास तो थांबणार कसा? तीन वर्षें एकाच शिक्षकाच्या नजरेखालीं शिकणें, त्यानें आपलें नांव, आपलें अक्षर, आपल्या चुका ओळखणें, हें एकच धन लहान महाविद्यालयापाशीं असूं शकतें. तेंच गेलें तर पुण्याची खोली आणि खाणावळ यांचे वाचलेले पैसे एवढाच त्याचा गुण उरतो.

तेव्हां प्रवेशद्वारावर लिहिलेली मूल्यांकनाची श्रेणी वाचून पालकांनीं परत फिरूं नये. ज्या विषयांत मुलीला पदवी घ्यावयाची त्या विषयाचे कायम शिक्षक किती, हें कार्यालयांत सरळ विचारावें. हा प्रश्न पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांतही विचारावा. तेथेंही उत्तर चकित करणारें निघूं शकतें. मग दुपारीं दोननंतर पुन्हां एकदां तेथें जावें. आमच्याकडील कलाशाखेचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं सकाळीं भरून दुपारपूर्वींच सुटतात. त्या वेळीं ग्रंथालय उघडें आहे कीं नाहीं, पुस्तक घरीं मिळतें कीं कपाटाच्या कांचेंतूनच पाहावें लागतें, आणि एखादा शिक्षक मुलांशीं बोलत बसलेला आहे कीं नाहीं, एवढें पाहावें, आणि मुलीलाही तें पाहूं द्यावें.