अर्ध्या गुंठ्यातले बारा महिने

आजच्या भाषणाचा विषय पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना हसू येईल. बीड जिल्हा आणि परसबाग! ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते टँकरच्या, चारा छावण्यांच्या आणि ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांच्या बातमीत, त्या जिल्ह्यातला एक मास्तर भाजीपाल्यावर बोलायला उठतो, याला धाडस म्हणावे की भाबडेपणा? तुमची शंका रास्त आहे. मी काही शेतकीतला तज्ज्ञ नव्हे. अंबाजोगाईला महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. खुरपे हातात धरायला शिकलो तेही वयाची पस्तिशी गाठल्यावर. म्हणूनच बोलतो आहे. ज्याला उपजत येते तो सांगत नाही. ज्याने चुकत चुकत शिकलेले असते त्याला आपल्या चुका तरी पाठ असतात.

गोष्ट 2015 सालची. माझ्या घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. अर्धा गुंठा म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास. तिथे मी गुलाब, शेवंती आणि रंगीत पानांची शोभेची झाडे लावली होती. पावसाने दगा दिलेला, आणि मी विकतच्या पाण्याने गुलाब जगवत होतो. एक दिवस एक विद्यार्थी अर्जावर सही घ्यायला आला. धारूरकडच्या डोंगरातला मुलगा. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. सही होईपर्यंत तो परसात उभा राहिला आणि मग अगदी निरागसपणे त्याने विचारले, "सर, ह्यातलं खायाचं काय हाय?"

त्यात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. पण मला उत्तर देता आले नाही.

पुढे संक्रांतीच्या सुमारास त्याच्या गावी जाण्याचा योग आला. आईबाप दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात गेलेले. घरी आजी आणि दोन धाकटी नातवंडे. गावाला टँकरचे पाणी. तुम्हाला तो उन्हाळा आठवत असेल. आपल्याच केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तसल्या वर्षात त्या म्हातारीचे परस हिरवे होते. मी सवयीने मोजदाद केली. शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, सीताफळ, पपई, केळ. मोरीपाशी अळू, हळद आणि पुदिना. कुडावर वाल, तोंडली, कारले आणि भोपळ्याचा वेल. वाफ्यात वांगी, मिरची, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, लसूण, चुका, पालक. आणि बियांसाठी उभी ठेवलेली अंबाडी. एकूण तेवीस. कशाचीही रोपे दोन-चारपेक्षा अधिक नव्हती.

मी अर्थशास्त्राचा माणूस. आम्ही वर्गात विशेषीकरण शिकवतो: जे उत्तम येते ते एकच पिकवावे, विकावे, आणि बाकीचे बाजारातून आणावे. मी म्हटले, "आजी, एवढा खटाटोप करण्यापेक्षा चांगलं येतं तेच एक लावलं तर?" आजी म्हणाली, "मास्तर, एकाच्या जिवावर घर चालतं का? एक रुसलं तर दुसरं हाय."

या एका वाक्यात परसबागेचे सगळे शास्त्र आहे, आणि मला आज तुम्हाला तेवढेच सांगायचे आहे. शेत वजनावर मोजतात, परसबाग नावांवर मोजावी. कोरड्या मुलखात प्रत्येक झाड केव्हा ना केव्हा दगा देते. वांग्याला कीड लागते, मेथी उन्हाने करपते, वेलाची फुले गळतात. पण सगळी एकाच आठवड्यात रुसत नाहीत. ज्या घरात तेवीस नावे आहेत, त्या घरात भाकरीबरोबर काही ना काही असतेच.

आता तुम्ही म्हणाल, पाणी कुठले? त्याचा हिशेब करू. पाच माणसांच्या घरात अंघोळीला माणशी पंधरा लिटर धरले तरी पंचाहत्तर लिटर होतात. भांडी आणि भाजी-तांदूळ धुण्याचे पंचवीस मिळवा. म्हणजे रोज शंभर लिटर पाणी आपण मोरीतून रस्त्यावर सोडतो. त्याची वाट परसाकडे वळवली की निम्मे काम झाले. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावावे, कारण त्यांना ओल सोसते. पुढे पपई, शेवगा, लिंबू. साबणाचे पाणी मात्र कच्ची खायची पाने, लसूण, कोथिंबीर यांना घालू नये. त्यांना भाजी-तांदूळ धुतलेले पाणी द्यावे. आजी भांडी राखेने घासत असे, म्हणून तिचे सगळेच पाणी झाडांना चालत होते.

दुसरी युक्ती मडक्याची. साधे, चकाकी नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते, तेही भोवतालची माती कोरडी पडेल तसतसे. भोवती वांगी-मिरची लावली की मुळे पाण्याच्या शोधात मडक्याला येऊन बिलगतात. आणि तिसरी गोष्ट आच्छादन. उघडी जमीन आपल्याकडच्या उन्हात तव्यासारखी तापते. पाचट, पालापाचोळा, काढलेले तण, जे मिळेल ते मातीवर चार बोटे पसरावे.

जागेबद्दल एकच सांगतो. उंच झाडे पश्चिमेला लावा. आपल्याला दुपारनंतरचे ऊन मारते. पश्चिमेला शेवगा आणि हादगा असले की त्यांच्या विरळ सावलीत चैत्रातही पुदिना आणि थोडी कोथिंबीर तग धरते. शेवगा मात्र छातीइतका झाला की शेंडा खुडा. नाहीतर शेंगा आकाशात लागतात आणि खाली आपण नुसते पाहत राहतो. वेलांना जमीन देऊ नका. कुंपण, छप्पर, वाळलेली तुराटी, काहीही द्या. तिथे जमीन थोडी असली तरी ऊन भरपूर असते.

कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून हेच सांगितले. एका कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी दहा गुंठे जमीन पुरेशी ठरू शकते, मात्र तिच्यावर पडणाऱ्या उन्हाचा आणि प्रत्येक पानाचा हिशेब ठेवता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपला अर्धा गुंठा म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. त्यात पोट भरणार नाही. पण ताटाची एक बाजू नक्की भरेल.

आता वर्षाचे चक्र पाहू. मृग लागला की दोडका, कारले, भोपळा, वाल, चवळी, गवार, भेंडी, अंबाडी टोकावी. ती हाताशी येईपर्यंत आषाढ-श्रावणात तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी आपोआप उगवतात. त्यांना तण म्हणून उपटण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे. गौरी-गणपतीला भेंडी, दोडका, अंबाडी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, चुका, लसूण यांचे वाफे. पौषात वालाच्या शेंगा आणि वांगी. माघ-फाल्गुनात शेवग्याची फुले, मग शेंगा. चैत्र-वैशाखात हिरवे कमी, म्हणून त्याची सोय आधी करायची: आढ्याला टांगलेला लाल भोपळा, वाळवलेली गवार आणि मेथी, सांडगे, लिंबाचे लोणचे. सीताफळाला तर आपल्या डोंगराने जीव लावला आहे. बालाघाटातल्या या फळाला 2016 साली 'बीडचे सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले. दारात त्याचे एक झाड नसावे, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

गंमत पहा, आपल्या सणावारांनी ही विविधता जपून ठेवली आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम आहे. मग उरते ते परसातले. वेळ अमावास्येची भज्जी आणि भोगीची भाजी एका भाजीने होत नाही. आज आपण त्या भाज्यांचा तयार वाटा बाजारातून आणतो. पूर्वी तो वाटा घरच्या कुडावर मिळत असे.

हे केवळ हौसेचे नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी चौपन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत आणि एकटी परसबाग त्यावर उतारा नव्हे. परंतु सहा महिने फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईच्या घरी पालेभाजी विकत आणायला पैसा नसतो, आणि आणलीच तर तिच्या ताटात शेवटी येते. परसातल्या पाल्याला पैसा पडत नाही, म्हणून तो तिच्याही वाट्याला येतो. हे मी त्या घरी पाहिले आहे.

आता माझ्या चुका. आजीकडून आल्यावर मी उत्साहाने एका रोपवाटिकेतून संकरित बियाणे आणले आणि सगळे एकाच दिवशी लावले. आले तेही सगळे एकदम! पंधरा दिवस शेजाऱ्यांना भेंडी वाटली आणि पुढे दोन महिने परस रिकामे. तेव्हा कळले की थोडे थोडे, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावायचे असते. दुसरी चूक त्याहून मोठी. त्याच भेंडीचे बी धरून दुसऱ्या वर्षी पेरले, तर एक झाड बुटके, एक उंच, एकाच्या शेंगा निबर. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत असे विखुरतात. म्हणजे दरसाल दुकानाची पायरी चढणे आले. कुणाला ते परवडतही असेल. पण ज्या घराला परसबागेची खरी गरज आहे त्याला ते परवडत नाही. त्याला घरी धरता येईल असेच बी हवे.

म्हणून मी पुन्हा आजीकडे गेलो. तिने वाल, दोडका, अंबाडी, चवळी अशी मूठ-मूठ बियांची पुरचुंडी बांधून दिली. वालाचे बी राखेत घोळलेले होते, त्याने भुंगा लागत नाही. निघताना म्हणाली, "बी उसनं हाय मास्तर, फुकट न्हाई. दुपटीनं आणून द्या."

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने गावरान वाण जमवले, जपले, वाटले, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा गौरव झाला याचा आनंद आहेच. परंतु बी जपणाऱ्या अशा आज्या पूर्वी गावोगाव होत्या, त्यांच्याबरोबर काय काय गेले याची नोंद कुणी ठेवली नाही.

आमची आजी 2019 साली गेली. नातवंडे मग आईबापांबरोबर फडावर जाऊ लागली. घराला सहा-सहा महिने कुलूप. पुढच्या मृगात परसात कुणी काही टोकले नाही. गाडग्यातल्या बियांना कीड लागली, कुड मोडला. शेवगा आणि सीताफळ तेवढे उरले, त्यांना माणसाची वाट पाहावी लागत नाही.

2021 च्या पावसाळ्याआधी तो विद्यार्थी मला भेटायला आला. नोकरीला लागला होता. आईला आता ऊसतोडीला पाठवायचे नाही असे ठरवून आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आजीचा तो जांभळ्या शेंगांचा वाल आता कुठं भेटत न्हाई, सर." मी काही न बोलता आत गेलो आणि डबा आणून त्याच्यापुढे उघडला. पाच वर्षे तो वाल माझ्या कुंपणावर चढत होता. मी दोन ओंजळी भरून दिल्या आणि म्हटले, "आजीचं उसनं फिटलं." तो म्हणाला, "तिचं फिटलं सर, आता माझ्याकडं बाकी निघाली."

बी असेच टिकते. ते डब्यात ठेवून टिकत नाही, चार घरी उसने दिल्यानेच टिकते. एका परसात मेले तर दुसऱ्यात असते.

तेव्हा माझी विनंती अगदी लहान आहे. येत्या मृगाला तेवीस नावे लावू नका; मी केली ती चूक होईल. मोरीच्या पाण्याला वाट द्या. एक शेवग्याची फांदी पश्चिमेला रोवा, कुंपणाशी एक वाल आणि एक दोडका टोका, एक मिरची, एक अळू लावा. पहिली शेंग खाण्याचा मोह आवरून वेलावरच वाळू द्या, आणि ते बी शेजारच्या घरी द्या. देताना मात्र सांगायला विसरू नका की ते उसने आहे.